टिटवीच्या सात फिती

"उगवली," मी म्हणालो.

सकाळचे सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. कॉलेजच्या गच्चीवर आम्ही तिघंच. मी ॲन्टेनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून दक्षिणेकडे तोंड करून उभा. वैजयंती खरात पाण्याच्या टाकीला टेकून, मांडीवर लॅपटॉप आणि कानांवर हेडफोन. आणि आमचे सोनटक्के सर चहाचा कप न पिता नुसता हातात धरून.

उगवली आणि मावळली हे आमचेच शब्द. उपग्रह डोळ्यांना दिसत नाही, पण तो क्षितिजावर कधी येणार आणि कधी जाणार हे सेकंदापर्यंत ठाऊक असतं. त्या वेळापत्रकाप्रमाणे मी दांडा हळूहळू वर उचलायचा, डोक्यावरून न्यायचा आणि उत्तरेला खाली आणायचा. अकरा मिनिटांचं काम. त्या अकरा मिनिटांत आमच्या उपग्रहाने दर अर्ध्या मिनिटाला ओरडायचं होतं, तीन आखूड आणि एक लांब. टिटवी तशीच ओरडते असं वैजूचं म्हणणं होतं, म्हणून उपग्रहाचं नाव टिटवी. टिटवी नेमकी कशी ओरडते हे आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे वाद झाला नाही.

"काही?" सरांनी विचारलं.

वैजूने नकारार्थी मान हलवली. सहा पंचवीसला माझा दांडा उत्तरेच्या टेकडीवर टेकला.

"मावळली," मी म्हणालो.

प्रक्षेपण होऊन पाच दिवस झाले होते. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा टिटवी आमच्या डोक्यावरून जात होती. पाचशे किलोमीटर उंच, म्हणजे पुण्याहून हैदराबादला जाणारी बस त्याहून लांब जाते. पण ती एकदाही बोलली नव्हती.

"शुक्रवारी चौकशी समिती बसतेय," सर म्हणाले. "बाहेरची माणसं आहेत. खरात, त्यांना तुझा रेडिओचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ बघायचाय."

"दाखवते सर."

"रागावू नकोस. मलाही तिथेच शंका येतेय."

वैजूने हेडफोन काढून त्याची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. सर खाली गेल्यावर ती म्हणाली, "तांबट, मी त्या ओळी काल चार वेळा वाचल्यात. काही नाही रे त्यात. का गप बसायलीय ही?"

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

विमान आणि अवकाश अभियांत्रिकी शिकतो म्हटलं की आमचे नातेवाईक विचारायचे, पायलट होणार का? नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाकडे वळायचे. त्यांचंही फारसं चुकत नव्हतं. आमच्या वर्गातले चाळीस जण चार वर्षं पंखावरून हवा कशी वाहते ते शिकले आणि त्यातले सत्तावीस जण कॅम्पसमध्ये आलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत गेले. चौघं एमबीएला लागले. एकाने वडिलांचं फरशीचं दुकान धरलं आणि तो आज सगळ्यांत सुखी आहे. उरलेल्यांतले आम्ही दोघं टिटवीसाठी वर्षभर मागे थांबलो.

माझं थांबणं स्वस्तातलं होतं, कारण मला कुणी नोकरी दिलीच नव्हती. वैजूचं तसं नव्हतं. तिने हातात आलेलं नेमणूकपत्र परत केलं होतं. तिचे वडील उदगीरच्या डेअरीत दुधाची फॅट तपासायचे. त्यांनी सांगितलं होतं, "एक वर्ष दिलं बाई तुला. दुसरं मागू नको." त्या एका वर्षात तिने जर्मनीतल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळवली होती, पण अटीवर. तिच्या प्रबंधात टिटवीच्या रेडिओने अवकाशातून पाठवलेली माहिती असायला हवी आणि महिनाअखेर तो तिकडे पोचायला हवा. टिटवी बोलली तर वैजू जर्मनीला. नाही तर एक वर्ष संपलंच होतं.

आमच्या घरी तांब्याचे बंब आणि घागरी ठोकायचा पिढीजात धंदा. वडील रोज फोन करायचे आणि पहिला प्रश्न तोच.

"बोललं का रे ते?"

"नाही अण्णा."

"खालून काही ठोकाठोकी करता येत नाही का?"

"तिथे हात पोचत नाही अण्णा."

"हात पोचत नाही तिथे वस्तू ठेवायचीच कशाला?" ते म्हणायचे.

बुधवारी दुपारी सरांनी मला प्रयोगशाळेतल्या कपाटातून फितींचा डबा काढून ठेवायला सांगितलं. समितीसमोर सगळं मांडायचं होतं, त्यात तोही.

या फितींचं सांगायला हवं. उपग्रह जमिनीवर असताना त्याचे नाजूक भाग भलत्या वेळी उघडू नयेत म्हणून त्यांना खिळ्यांसारख्या पिना लावून ठेवतात. रॉकेटमध्ये चढवण्याआधी त्या सगळ्या काढायच्या असतात. एखादी विसरू नये म्हणून प्रत्येक पिनेला वीतभर लांबीची लालभडक फीत शिवलेली असते. टिटवीला सात पिना होत्या, सात फिती. फितींवर एक ते सात आकडे. फिती मीच होस्टेलसमोरच्या शिंप्याकडून शिवून आणल्या होत्या. काढलेल्या फिती डब्यात टाकायच्या, मग एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने ती फीत वर करून "आहे" म्हणायचं आणि दोघांनी कागदावर सही करायची. ही पद्धत मीच लिहिली होती आणि मला तिचा अभिमान होता.

मी टेबलावर डबा उपडा केला.

लाल फितींचा ढीग पडला. मी सहज त्या एकेक करून लावायला लागलो. एक, तिला पिन. दोन, तिला पिन. तीन, चार. पाच नंबरची फीत हातात आली आणि ती हलकी लागली. तिच्या टोकाला नुसते शिवणीचे सुटलेले दोरे होते.

डबा झटकला. टेबलाखाली गुडघ्यावर बसून बघितलं. कपाट हुडकलं. आणि हे सगळं करत असताना मला आठवत होतं. आठवू नये म्हणून मी जास्तच जोरात शोधत होतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या प्रक्षेपण केंद्रातली ती पांढरी खोली. आम्ही डगले, टोप्या आणि हातमोजे घालून. मी एकेक पिन ओढतोय. पाचवी जरा घट्ट होती. ओढली, तर फीत हातात आली आणि पिन तिथेच राहिली. काडेपेटीतल्या काडीएवढी, टिटवीच्याच रंगाची. पकड पलीकडच्या टेबलावर होती. त्या खोलीत जमिनीवर दोरा पडला तरी आरडाओरडा होतो, म्हणून हातातली फीत मी आधी डब्यात टाकली आणि पकड आणायला वळलो. तेवढ्यात दारातून हाक आली, वजनाच्या कागदावर सह्या करायला या, दोघंही. आम्ही गेलो. परत आलो तेव्हा पकड डोक्यातून गेली होती; सहावी आणि सातवी ओढली आणि मोजणीची वेळ झाली.

"एक," वैजूने वाचलं.

"आहे."

"पाच."

मी डब्यातून फितीचं टोक वर केलं. "आहे."

फीत होती. फीत मोजायची असं ठरलं होतं. फीत मोजली.

पाचवी पिन ॲन्टेनाच्या दाराची. टिटवीची ॲन्टेना म्हणजे सुताराच्या मोजायच्या टेपची पोलादी पट्टी, घडी घालून एका छोट्या ॲल्युमिनियमच्या दारामागे कोंबलेली. वर गेल्यावर दार बांधून ठेवणारी दोरी तापलेल्या तारेने जळणार, दार उघडणार आणि पट्टी टणकन बाहेर येणार. दोरी नक्कीच जळली होती. टिटवी वेळेवर जागी झाली होती. पाच दिवस ती तीन आखूड, एक लांब अशी हाका मारत होती, बंद दाराच्या आतून. आणि दाराला कडी मी घातलेली होती.

मी फरशीवर बसून राहिलो. माझ्या आयुष्यात त्याआधीही चुका झाल्या होत्या, पण प्रत्येकीला काहीतरी उपाय असायचा. पाय धरता यायचे, रात्र जागून भरून काढता यायची. इथे एक काडीएवढी पिन दोन बोटांनी ओढायची होती आणि ती पाचशे किलोमीटर वर होती. दिवसातून चार वेळा ती माझ्या डोक्यावरून जाणार होती आणि मी खाली दांडा धरून उभा राहणार होतो.

गुरुवारी सकाळी तसाच उभा राहिलो. "उगवली," म्हणालो. वैजू डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, तीन आखूड, एक लांब. त्या अकरा मिनिटांत कुठेही मी तोंड उघडू शकलो असतो. माझी छाती झाली नाही. "मावळली," म्हणालो आणि दांडा खाली ठेवला.

संध्याकाळच्या फेरीआधी सांगितलं. सगळं, शिवणीपासून. ती ऐकून घेत होती. मध्ये एकदा तिने विचारलं, "पकड कुठल्या टेबलावर होती?" मी सांगितलं. ती किती पावलं होतील याचा हिशेब करत असावी.

"म्हणजे माझा प्रोग्रॅम बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि त्याचा काही उपयोग नाही."

"मी उद्या समितीला सांगतो, वैजू. सगळं माझ्यावर घेतो. तुझं नाव तरी सुटेल."

"सांग," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "नाही सांगितलंस ना तांबट, तर मी तुला या गच्चीवरून ढकलून देईन!" आणि ती रडायला लागली. मी हात बांधून उभा राहिलो. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा मला काय हक्क होता?

शुक्रवारी समितीत चार जण होते. अध्यक्ष बाहेरून आलेले, निवृत्त झालेले शास्त्रज्ञ, बोलायला अतिशय मऊ. मी उभा राहून सगळं सांगितलं आणि पाच नंबरची फीत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"तांबट, हा मोजणीचा कागद. ही सही तुझी?"

"हो सर."

"सातपैकी सात?"

"हो सर. पण ती फितींची मोजणी आहे. पिना आम्ही मोजल्याच नाहीत."

"पद्धत कुणी लिहिली?"

"मी."

"मग मी कोणावर विश्वास ठेवू? त्या दिवशीच्या तांबटवर की आजच्या?" ते हसले, कुत्सितपणे नव्हे, प्रेमानेच. "त्या दिवशी तू हातमोजे घालून, ताज्या डोळ्यांनी सही केलीस. आज तुझी मैत्रीण अडचणीत आहे. पिन काय, महिनाभरात डब्यातून कुठेही पडू शकते. फोटो आहे?"

फोटो होते. सगळ्या फोटोंत ते दार मागच्या बाजूला होतं.

"खरात, तुम्हाला काय आठवतं?"

वैजू उभी राहिली. खोटं बोलली असती, पाचवी फीत मोकळीच बघितली होती म्हणाली असती, तर कदाचित सगळं फिरलं असतं. मी मनातल्या मनात तिला विनवत होतो.

"मी आकडा वाचला. त्याने आहे म्हटलं. डब्यात मी वाकून बघितलं नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. सोनटक्के सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पडताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मित्र असावा तर असा," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. गुन्हा कबूल करायला गेलेल्या माणसाला शाबासकी देऊन परत पाठवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो ते सवयीने. फेरी सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील, वैजूचा फोन वाजला. गडहिंग्लजचे मगदूम काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हौशी माणूस. त्यांच्या गच्चीवर स्वतः बांधलेली मोठी थोरली डिश होती आणि वैजूने आठवड्यापूर्वी त्यांना कान लावून बघा अशी विनंती केली होती.

"पोरी! ऐकू यायलंय की गं!" काका ओरडतच होते. "लई बारीक हाय. पण हाय! थांब, फोन रेडिओच्या पेटीला लावतो."

वैजूने स्पीकर चालू केला. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीत, अगदी तळाशी, तीन आखूड आणि एक लांब.

अर्ध्या मिनिटाने पुन्हा.

"बोलायलीय रे," वैजू म्हणाली. "तांबट, ती बोलायलीय." तिने फोन दोन्ही हातांत धरला होता. पाच वर्षांचं काम, आणि टिटवीचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तो असा, दुसऱ्याच्या गच्चीवरून, बंद दारातून झिरपलेला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडलो. दांडा मात्र मी सोडला नाही. टिटवी मावळेपर्यंत फिरवला.

काकांनी ते ध्वनिमुद्रण पाठवलं. मला वाटलं, आता तरी. वैजूने पंधरा पानी टिपण लिहिलं की रेडिओ धडधाकट आहे, दार बंद आहे, म्हणूनच आवाज इतका क्षीण आहे. समितीने ते अहवालाला जोडलं आणि खाली एक वाक्य लिहिलं. संदेश अत्यंत क्षीण असल्याने रेडिओ यंत्रणेतील दोषाची शक्यता बळावते. सर म्हणाले, "आता सह्या झाल्यात गं." अहवाल जर्मनीला गेला आणि महिनाअखेर तिकडून दोन ओळींचं सभ्य पत्र आलं.

वैजू हैदराबादला गेली. एका बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिते. तिच्या वडिलांनी दुसरं वर्ष दिलं नाही आणि तिने मागितलंही नाही.

आणि मी? अहवालात माझं नाव स्वच्छ होतं. वर सोनटक्के सरांनी शिफारसपत्रात माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं. त्यावर मला बंगळूरला विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तपासणी विभागात. आज मी त्या विभागाचा प्रमुख आहे. माझ्या हाताखालच्या लोकांना मी फिती मोजू देत नाही, पिना मोजायला लावतो, आणि त्या मोजताना डोळे डब्यात हवेत, कागदावर नव्हे. ते मला पाठीमागे पिनवाला म्हणतात. म्हणू देत.

टिटवी अकरा वर्षं फिरली. दर वर्षी थोडी थोडी खाली येत होती. गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी ती हवेत शिरून जळाली. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन वैजूला फोन लावला. आम्ही वर्षातून एकदा बोलतो, दिवाळीला. मार्चमध्ये फोन बघून तिला समजलंच असावं.

"कधी मावळली?" तिने विचारलं.

"आज दुपारी. चार वाजून नऊ मिनिटांनी."

मागे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते.

"तांबट, दार ॲल्युमिनियमचं होतं ना?"

"हो."

"आणि पट्टी पोलादाची."

"हो."

"म्हणजे दार आधी वितळलं असेल. पट्टी त्याच्या नंतर."

हे मी अकरा वर्षांत किती वेळा मनात मांडून बघितलं होतं ते तिला सांगितलं नाही. "हो," म्हणालो. "दोन-चार सेकंद उघडलं असेल."

"खाली काय होतं तेव्हा?"

"समुद्र."

ती बाहेर आली असावी, मागचे आवाज कमी झाले.

"फितींचा डबा आहे का रे अजून?"

"आहे. माझ्या टेबलाच्या खणात."

"किती आहेत?"

"सात."

"आणि पिना?" वैजूने विचारलं. अगदी त्या पांढऱ्या खोलीतल्यासारखं, कागद हातात घेऊन वाचावं तसं.

"सहा," मी म्हणालो.